खुंटीसर

नांदेडहून लातूरला जाणारी पहाटेची एसटी लोह्याच्या स्टँडवर थांबली होती. माझ्या मांडीवरच्या लांबोळक्या काळ्या पिशवीकडं बोट दाखवून पलीकडच्या सीटवरचा माणूस म्हणाला, "ॲक्शन किती हाय?"

मला वाटलं, पिक्चरचं विचारतोय.

"गिटारची ॲक्शन, मालक. बाराव्या पडद्यावर तार किती उंच हाय, ते इचारू लालो."

मी म्हणालो, माहीत नाही. त्यांनी पिशवी स्वतःकडं ओढली, चेन उघडली, एक डोळा मिटला आणि सुतार रंधा मारलेल्या फळीवरून नजर फिरवतो तशी गिटारच्या मानेवरून फिरवली. मग खिशातून दोन एटीएम कार्डं काढली आणि म्हणाले, "तुमचं बी एक द्या." अंधारात, एसटीत, नाव-गाव माहीत नसलेल्या माणसाला मी माझं एटीएम कार्ड काढून दिलं. सरांच्या बोलण्यात तशी ताकद आहे.

कुठल्याही बँकेचं कार्ड घ्या, जाडी ०.७६ मिलिमीटर. तीन कार्डं एकावर एक ठेवली की २.२८. बाराव्या पडद्यावर सगळ्यात जाड तारेखाली ही तीन अलगद सरकली पाहिजेत, सगळ्यात बारीक तारेखाली जराशी अडली पाहिजेत. माझ्या गिटारीत तिन्ही गेली आणि वरून उजेड दिसत राहिला. "ह्याच्यातून माळेगावच्या जत्रेतलं घोडं जाईल," सर म्हणाले. "कुणी गळ्यात बांधली ही?"

नांदेडच्याच एका दुकानदारानं बांधली होती. चौथी तार एका जागी झणझणते, हे मी दुकानात त्याच्या कानावर घातलं होतं. तो म्हणाला, "साहेब, ही जवारी आहे. तंबोऱ्याला लोक पैसे देऊन काढून घेतात, तुम्हाला फुकट आली." मी खूश होऊन पैसे दिले होते. हे ऐकून सरांनी चाकूरपर्यंत जवारी या विषयावर भाषण केलं. मिरजेचा कारागीर तंबोऱ्याची घोडी घासून घासून तार तिला पुसटशी लागेल अशी करतो, तो झणकार जन्मभराच्या हातोटीचा. आणि गिटारीतला झणझणाट म्हणजे एक पडदा उचकटलाय, दुसरं काही नाही. मधे अहमदपूरला कंडक्टर नवीन चढलेल्यांची तिकिटं फाडत आला आणि गंमत म्हणून गिटारचं हाफ तिकीट मागू लागला. सर गंभीरपणे म्हणाले, "फाडा. पण मग तिला सीट द्या."

हे खुंटीसर. खरं नाव वेगळं आहे, पण ते त्यांच्या घरमालकिणीलाही आठवून सांगावं लागतं. लातूरच्या ट्यूशन एरियात फिजिक्स शिकवतात, घर नांदेडला. शनिवारी रात्री नांदेड, सोमवारी पहाटे लातूर, असं अपडाऊन अठरा-वीस वर्षं चालू आहे. पोरांचे कान पिळायचे दिवस गेले म्हणून सर गिटारच्या खुंट्या पिळतात, असं पोरं म्हणतात. नाव त्यातून आलं.

नांदेडला अधिकारानं बोलणाऱ्यांची परंपरा आहे. नरहर कुरुंदकर इथल्या पीपल्स कॉलेजातले. मनुस्मृतीपासून नाट्यशास्त्रापर्यंत कशावरही बोलायचे आणि लोक ऐकत बसायचे. ते १९८२ साली गेले. ऐकणारे तेवढेच उरले, बोलणारे मात्र वाढत गेले. खुंटीसर त्या वाढीव लोकांपैकी, पण एक फरक आहे: त्यांचं म्हणणं बहुतेक वेळा बरोबर निघतं. त्यामुळं त्यांना टाळताही येत नाही. लातूरच्या गंजगोलाईतून सोळा रस्ते फुटतात. सरांच्या एका उत्तरातून सतरा.

ती गिटार माझ्या मुलीसाठी होती. मुलगी त्या वर्षी, म्हणजे २०१५ साली, अकरावी सायन्सला लातुरात होती. दहावीच्या मार्कांपायी मी गिटार कबूल करून बसलो होतो. पुढच्याच रविवारी सर मला घेऊन नांदेडच्या त्या दुकानात गेले. त्यांना लांबून बघूनच दुकानदाराला गोडाऊनमधलं काम आठवलं.

गिटार घेण्याचे सरांचे नियम ऐकण्यासारखे आहेत. रंग बघायचा नाही. निळी गिटार मागणाऱ्या पोराला सायकल घेऊन द्यावी. सहा तारा, प्रत्येक तारेवर पहिल्यापासून बाराव्या पडद्यापर्यंत एकेक सूर वाजवायचा. बहात्तर सूर होतात. चाळिसाव्या सुराला ज्या दुकानदाराचा धीर सुटतो त्याच्याकडं घ्यायची नाही. मग बाराव्या पडद्यावर तार नुसती बोटानं शिवून छेडायची आणि तिथंच दाबून छेडायची. दोन्ही सूर एक आले तर पडद्यांचं माप बरोबर. दाबलेला चढा आला तर नमस्कार करून बाहेर पडायचं. तार पहिल्या आणि शेवटच्या पडद्यावर एकाच वेळी दाबली, तर मधे सातव्या पडद्यापाशी पोस्टकार्ड जाईल एवढी फट पाहिजे. अगदी सरळ मान चांगली नसते, किंचित वाकलेली पाहिजे. "माणसासारखंच," सर म्हणतात. पण हे ते संस्थाचालकांसमोर म्हणत नाहीत.

आणि पोटातल्या भोकाची कड बघायची. लाकडाचे रेघोटे वरून आत सलग उतरले असतील तर वरची फळी अखंड लाकडाची. पापुद्रे दिसले तर प्लायवूड. इथं मी शहाणपणानं म्हणालो, "म्हणजे अखंडच घ्यायची."

"बिलकूल नाही. अखंड लाकडाचा आवाज चांगला, पण मे महिन्यात लातूरला ते तडकतं. हॉस्टेलच्या पोरीला प्लायवूडच द्या. ते मराठवाड्यात टिकतं."

अखंड फळीचं महत्त्व सांगताना मात्र ते स्पेनला जातात. आंतोनियो दे तोरेस नावाच्या कारागिरानं १८६२ साली वरची फळी चांगल्या लाकडाची आणि बाकी पोट-पाठ पुठ्ठ्याची अशी गिटार केली, आवाज वरच्या फळीतून येतो हे दाखवायला. ती बार्सिलोनाच्या संग्रहालयात आहे. ही गोष्ट मी आजवर अकरा वेळा ऐकली. एकदा तर ती अंत्ययात्रेहून परतताना सांगितली गेली.

दुकानात एक गिऱ्हाईक गिवसनची गिटार हातात घेऊन "अमेरिकेची इतकी स्वस्त कशी?" असं विचारत होतं. सरांनी त्याला बाजूला घेऊन सांगितलं, "अमेरिकेची गिबसन. ब बदकाचा. ही कोलकात्याची. व वजनाचा." आमची गिटार बदलून मिळाली. जवारीसकट गेली, जवारीशिवाय आली. माझं कार्ड सरांच्याच खिशात राहिलं, हे घरी आल्यावर लक्षात आलं.

लातुरात गिटारचा एक हंगाम असतो, तुरी-सोयाबीनसारखा. बारावीचा शेवटचा पेपर झाला की पोरं बापाकडून गिटार वसूल करतात. एप्रिलभर ई मायनर, जी, सी, डी अशा सोप्या कॉर्ड चालतात. हॉस्टेलच्या गच्चीवरून तीच चार गाणी, त्याच चार कॉर्डवर. मे महिन्यात एफ येते. एफमध्ये पहिल्या पडद्यावर एक बोट सहाही तारांवर आडवं टाकून बाकीची तीन बोटं पुढं पेरायची असतात. इथं गळती लागते. जूनमध्ये प्रवेशाची धावपळ, आणि जुलैत चहाच्या टपऱ्यांवर चिठ्ठ्या दिसतात: "गिटार विकणे आहे. एकदाच वापरलेली." सरांच्या मते ही मार्कांच्या लातूर पॅटर्नची दुसरी बाजू आहे, फक्त तिचे फ्लेक्स लागत नाहीत.

एफवर त्यांचा उतारा साधा आहे. तोच आकार आधी पाचव्या पडद्यावर धरायचा. तिथं तार मऊ लागते. मग आठवड्याला एक पडदा खाली उतरायचं. आडवं बोट सपाट टाकायचं नाही, अंगठ्याच्या बाजूच्या हाडावर किंचित कलवायचं. आणि दाबायचं पडद्याच्या अगदी पाठीशी, दोन पडद्यांच्या मधोमध नाही. मधोमध दुप्पट जोर लागतो आणि आवाज अर्धा येतो. माझी मुलगी अशानंच एफ शिकली. पण सरांकडं गिटार शिकायला जायचं म्हणजे आधी चाळीस प्रश्नांचा पेपर, एकाला चार पर्याय, चुकीला मार्क वजा. "तारेचा ताण चौपट केल्यास कंपनसंख्या किती पट होईल?" हे न सुटलेल्या पोरानं तारेला हात लावायचा नाही. उत्तर दुप्पट. सहा तारांचा मिळून ताण साठ-सत्तर किलोचा असतो, हेही सर सांगतात: एक जाणता माणूस दिवसरात्र गिटारच्या मानेला लोंबकळतोय असं समजा.

सर स्वतः काय वाजवतात? हा प्रश्न बरेच दिवस माझ्या मनात होता. ते गिटार घेतात, सहाव्या तारेच्या पाचव्या पडद्यावर आणि पाचव्या तारेच्या सातव्या पडद्यावर नुसतं बोट शिवून दोन बारीक सूर काढतात, दोन्ही एकमेकांत विरेपर्यंत खुंटी फिरवतात. असं खाली येत येत सगळ्या तारा लावतात. पंधरा मिनिटं जातात. मग डोळे मिटून एकदा सहाही तारा छेडतात. खोलीत खरोखर काहीतरी सुंदर घडतं. सर म्हणतात, "आता लागली," आणि गिटार पिशवीत ठेवतात. हेच त्यांचं वाजवणं. त्यांच्या लहानपणी नांदेडला घरोघर रेडिओवर व्हॅन शिपले यांची हवाईयन गिटार वाजायची, मांडीवर आडवी ठेवून पोलादी तुकड्यानं वाजवतात ती. मोठेपणी 'कॉल ऑफ द व्हॅली' ही १९६७ ची तबकडी त्यांनी इतकी ऐकली की ब्रिजभूषण काब्रांच्या गिटारीपुढं आपण तोंड उघडायचं नाही, असं त्यांनी ठरवून टाकलं. तोंड त्यांनी सल्ल्यासाठी राखून ठेवलं.

आता २०१६ सालचं सांगायला पाहिजे.

त्या उन्हाळ्यात लातूरचं पाणी संपलं. नळ कोरडे, टँकर आठ-दहा दिवसांनी. १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची रेल्वे आली, पहिल्या खेपेला दहा वॅगन, पाच लाख लिटर. स्टेशनवर माणसं बघायला गेली होती. सरही गेले होते. परत येऊन म्हणाले, "मिरजेहून आपल्याकडं तंबोरे यायचे. आता पाणी आलं."

माणसांना पाणी नव्हतं, तिथं सरांना गिटारींचं पडलं होतं. हवा कोरडी पडली की लाकूड आक्रसतं. पडद्यांची टोकं बाजूनं बाहेर येऊन बोटाला करवतीसारखी लागतात, फळी बसते, मग चीर जाते. हवेत पंचेचाळीस ते पंचावन्न टक्के ओल गिटारला मानवते. सरांच्या खोलीतला काटा दुपारी वीसच्याही खाली जायचा. कूलर लावला असता तर हवा ओली झाली असती, पण कूलरला पाणी कुठलं? तेव्हा सरांनी हॉस्टेलाहॉस्टेलात निरोप धाडला: साबणाच्या डबीला तापल्या खिळ्यानं भोकं पाडा, आत भांडी घासायच्या स्पंजचा तुकडा ठेवा, त्यावर दोन चमचे पाणी, आणि डबी गिटारच्या पिशवीत टाका. स्पंज ओला असावा, टिपकता नसावा. पत्र्याच्या खोलीत गिटार ठेवू नका. भिंतीला टेकवून ठेवू नका. वाजवून झाल्यावर तारा कोरड्या फडक्यानं पुसा, घामानं गंजतात. दोन चमचे पाणी वाचवण्यासाठी माझी मुलगी त्या दिवसांत चहा अर्धा कप घ्यायची. तारा जुन्या झाल्या की उकळत्या पाण्यात टाकून मळ काढायचा, हा एरवीचा सल्ला सरांनी तेवढ्या वर्षापुरता मागं घेतला.

त्याच मे महिन्यात रेकॉर्डिंगचं खूळ निघालं. मुलीला आणि तिच्या मैत्रिणीला एक गाणं रेकॉर्ड करून आजीला पाठवायचं होतं. सरांना कळलं. आजीला फोनवर पाठवायच्या गाण्यासाठी त्यांनी माइक, लॅपटॉप आणि दोन्हींना जोडणारी मधली लाल डबी जमवली. आपल्या लातूरच्या भाड्याच्या खोलीच्या तिन्ही भिंतींना गोधड्या टांगल्या. पंखा बंद, खिडकी बंद. लातूर, मे महिना. माइक भोकासमोर धरायचा नाही, तिथं नुसता घुमारा येतो. बाराव्या पडद्यासमोर, वीतभर ते हातभर अंतरावर, मान पोटाला मिळते तिकडं तोंड करून. फोननं करायचं असलं तरी जागा हीच. आवाजाची पट्टी लाल रंगाला शिवू द्यायची नाही, निम्म्याच्या थोडी वर राहिली की पुरे. हे सगळं रास्त होतं आणि आजही मी कुणालाही सांगेन.

पण हेडफोनमध्ये गूं असा आवाज येत होता. सरांनी ट्यूनर लावला. ट्यूनर जी दाखवू लागला, जरासा चढा. सरांचा चेहरा उजळला. "आपली वीज सेकंदाला पन्नास हेलकावे घेते. त्याची दुप्पट शंभर. आणि गिटारचा खालचा जी अठ्ठ्याण्णवचा. म्हणजे अख्खं लातूर जी मध्ये गुणगुणू लालंय!" निदान त्यांनी तिथल्या तिथं केलं: आर्थिंग कोरडं पडलं. जमीन वाळली की आर्थिंगची तार जमिनीशी नीट बोलत नाही, त्यासाठी खड्ड्यात मीठ-कोळसा भरून वरून पाणी घालायचं असतं.

आर्थिंगचा खड्डा खाली अंगणात, घरमालकीण काकूंच्या तुळशीवृंदावनाला चिकटून होता. सर रोज पहाटे अंघोळीच्या पाण्यातून तांब्याभर वाचवून, त्यात मूठभर मीठ विरघळवून तिथं ओतू लागले. काकूंनी खिडकीतून पाहिलं. चार दिवसांत गल्लीत झालं की एवढ्या दुष्काळात सर स्वतः अर्धी अंघोळ करून तुळशीला पाणी घालतात. सोमवारी दोन बाया त्यांच्या पाया पडून गेल्या. सरांनी काहीच सांगितलं नाही. एरवी न विचारता सगळं सांगणारा हा माणूस त्या आठवड्यात एकदम अबोल झाला.

नवव्या दिवशी तुळस मान टाकू लागली. गूं तसाच होता. काकूंनी माती चाखून बघितली, आणि मग त्या जे बोलल्या ते रेकॉर्ड झालं, कारण माइक चालू होता. वरच्या पट्टीत, पण स्वच्छ आवाज, घुमारा नाही. गोधड्यांचा उपयोग झाला होता.

सर खाली माफी मागत होते, तेवढ्यात मुलीच्या मैत्रिणीनं लॅपटॉपचा चार्जर उपसून बाजूला ठेवला, त्याच्या वायरीत तिचा पाय अडकत होता म्हणून. गूं बंद झाला. चार्जरचाच आवाज होता तो. लॅपटॉप बॅटरीवर ठेवून रेकॉर्ड करायचं, एवढाच त्यावरचा उपाय. सर वर आले, हेडफोन कानाला लावले, बराच वेळ ऐकत राहिले आणि म्हणाले, "बगा. पाणी मुरायला नऊ दिवस लागतात."

आजीला गाणं पोचलं. तिला त्यातलं मागं कुणी बाई भांडते आहे तेवढं नीट ऐकू आलं, आणि कोण, कशावरून, याची तिनं दोन वेळा चौकशी केली. नवी तुळस सरांनी नांदेडहून आणून दिली. एसटीतून, मांडीवर. कंडक्टरनं हाफ तिकीट मागितलं नाही.

मुलगी आता पुण्याला नोकरीला आहे. गिटार लातूरला सरांकडं आहे, गेल्या दिवाळीपासून. पडदे घासायला म्हणून नेली होती. फोन केला की म्हणतात, लाकूड अजून बसू लालंय, मे जाऊ द्या. तर तुमच्यापैकी कुणी त्या बाजूला जाणार असेल तर कृपा करून घेऊन या. सर तीन कार्डं काढतील. त्यातलं मधलं माझं आहे.